विद्यापीठाच्या आवारातली कला कशी बघावी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

विद्यापीठाच्या आवारातली शिल्पं आणि भित्तिचित्रं बघायला बहुतेक जण संग्रहालयात जावं तसे जातात. यादी काढायची, एकेकापुढे उभं राहायचं, फोटो काढायचा, पुढे सरकायचं. तासाभरात सगळं बघून होतं आणि संध्याकाळी कुणी विचारलं तर दोन-तीन आकार सोडून काही आठवत नाही. संग्रहालयातलं चित्र कुठून तरी आणून टांगलेलं असतं. उद्या ते शेजारच्या दालनात हलवलं तरी फारसं बिघडत नाही. आवारातली कलाकृती बहुधा त्याच भिंतीच्या मापाची, त्याच चौकासाठी मागवलेली असते. त्या संस्थेचा कुठला तरी अभिमान किंवा कुठलं तरी भांडण तिला चिकटलेलं असतं. म्हणून फिरताना एकच प्रश्न सोबत ठेवायचा: हे इथेच का?

शिकागो विद्यापीठातलं हेन्री मूर यांचं 'न्यूक्लिअर एनर्जी' हे शिल्प घ्या. ब्राँझचं, माणसाच्या दुप्पट उंचीचं. वरचा भाग गोल आणि गुळगुळीत. कुणाला त्यात कवटी दिसते, कुणाला अणुस्फोटाचा ढग. खाली कमानी आणि खांब असावेत तसे आकार. नुसतं बघितलं तर भारदस्त, थोडं धास्ती घालणारं शिल्प, बस. पण ते जिथे उभं आहे त्याच जागी, खेळाच्या मैदानाच्या प्रेक्षक-सज्जाखाली, २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाने घडवलेली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया चालू करून दाखवली. शिल्पाचं अनावरण झालं ते बरोबर २५ वर्षांनी, २ डिसेंबर १९६७ ला, दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी. तारीखही तीच, वेळही जवळपास तीच. हे माहीत नसताना बघितलेला गोल आणि माहीत झाल्यावर बघितलेला गोल एक राहत नाही.

निघण्याआधीची तयारी

आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधा. काही ठिकाणी आवारातल्या कलाकृतींचा स्वतंत्र नकाशा असतो. तो नसेल तर विद्यापीठाच्या कलादालनाची किंवा ललितकला विभागाची पानं चाळा. तिथेही काही हाती लागलं नाही तर ग्रंथालयातल्या ग्रंथपालांना दोन ओळींचा ईमेल टाका. ग्रंथपाल सहसा उत्तर देतात. मालमत्ता विभागाचं सांगता येत नाही.

काहीच माहिती मिळाली नाही तर तीन जागा डोळे झाकून धरायच्या: प्रशासकीय इमारतीचं मुख्य दार, मध्यवर्ती ग्रंथालय आणि दीक्षान्त सभागृह. संस्थेला जगापुढे मिरवायचं असतं ते इथे, त्यामुळे कलेवरचा खर्चही आधी इथे होतो. इमारत केव्हा बांधली तेही बघून ठेवा. फ्रान्सने १९५१ मध्ये शाळा आणि विद्यापीठांच्या नव्या बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी राखून ठेवायचा नियम केला. अमेरिकेतल्या एमआयटीने १९६८ पासून बांधकामाच्या पैशातून कला घ्यायची अशीच पद्धत लावून घेतली. अशी तरतूद जिथे असते तिथे नवीन इमारत म्हणजे जवळपास हमखास एक नवी कलाकृती, आणि तीही इमारतीबरोबरच ठरलेली.

काही आवारं तर मुळातच कलेसकट आखलेली आहेत. व्हेनेझुएलात काराकासच्या विद्यापीठनगरीचा आराखडा कार्लोस राउल व्हिलान्युएवा यांनी केला आणि त्यात अलेक्झांडर काल्डर, जाँ आर्प, फेर्नाँ लेजे, व्हिक्टर व्हासारेली अशा कलावंतांना सामावून घेतलं. २००० मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाचं मुख्य आवार २००७ मध्ये आलं आणि शांतिनिकेतन २०२३ मध्ये. अशा ठिकाणी एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट धरू नका. एक कोपरा निवडा आणि तेवढाच नीट बघा. लहान आवारातही यादी पाच-सहा कलाकृतींच्या पुढे जाऊ देऊ नका. त्याच्या पुढे डोळे बघत नाहीत, नुसते मोजतात.

वेळ कोणती धरावी

दोन घड्याळं सांभाळायची: एक उन्हाचं, दुसरं शैक्षणिक वर्षाचं.

उठावशिल्पं आणि खरबरीत पृष्ठभागाची शिल्पं तिरप्या उन्हात बघावीत, म्हणजे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी प्रकाश डोक्यावरून येतो, सावल्या आखडतात आणि सुंदर उठावकामसुद्धा सपाट दिसतं. चकचकीत धातूचं आणि काचेच्या तुकड्यांचं काम उलट ढगाळ दिवशी चांगलं दिसतं, चमक मधे येत नाही. नैसर्गिक दगडांचे तुकडे जडवून केलेलं मोझेक पावसाने भिजलं की रंग गडद होतात. पाऊस थांबल्या थांबल्या बाहेर पडायची सवय लावून घ्या.

परीक्षा, प्रवेश आणि दीक्षान्त समारंभाचे दिवस टाळा. परीक्षेच्या काळात ग्रंथालयाच्या आसपास उभं राहणंही लोकांना खुपतं, आणि ते रास्तच आहे. वर्षाच्या शेवटी ललितकला विभागाचं विद्यार्थी-प्रदर्शन लागतं, तेव्हा मात्र आवर्जून जा. एरवी कुलूपबंद असलेल्या कार्यशाळा त्या आठवड्यात उघड्या असतात.

फाटकावर

विद्यापीठाचं आवार ही कामाची जागा आहे, हे इथे पहिल्यांदा जाणवतं. ओळखपत्र जवळ ठेवा. "शिल्पं बघायला आलोय" हे सरळ सांगा. गोलमोल बोललं की संशय वाढतो. परवानगीचा ईमेल असेल तर फोनवर उघडूनच ठेवा. वसतिगृहं, प्रयोगशाळा आणि कर्मचाऱ्यांची घरं यांच्या बाजूला कितीही चांगलं भित्तिचित्र दिसलं तरी विचारल्याशिवाय वळू नका. ड्रोन आणि ट्रायपॉड यांना बहुतेक ठिकाणी वेगळी परवानगी लागते.

सुरक्षारक्षकाला एक प्रश्न नक्की विचारा: "इथे लोक सगळ्यात जास्त कशासमोर फोटो काढतात?" मग दुसरा: "आणि कशाकडे कुणीच बघत नाही?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा जास्त कामाचं निघतं.

पहिली फेरी, न थांबता

आता आवारातून एकदा नुसतं चालून या. थांबायचं नाही, फोटो नाहीत, पाट्या वाचायच्या नाहीत. विद्यार्थी ज्या वाटेने वर्गात जातात त्याच वाटेने जा. कोणती कलाकृती लांबून दिसते, कोणती अचानक वळणावर समोर येते, कोणतीच्या पायाशी मुलं डबा खात बसलेली असतात, एवढंच टिपायचं.

वरती बघा, खालीही बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आवारात अलेक्सिस स्मिथ यांची १९९२ ची कलाकृती म्हणजे ग्रंथालयाकडे वळत वळत जाणारी पाटीच्या दगडाची सापवाट. आपण जिच्यावरून चालतोय तीच कलाकृती. तिथेच दो हो सुह यांनी २०१२ मध्ये एका इमारतीच्या सातव्या मजल्याच्या कडेला एक छोटंसं घर तिरपं अडकवून ठेवलंय, अर्धं हवेत. मान वर केली नाही तर त्याच्याखालून निघून जाल. आणि टेरी ॲलन यांची १९८६ ची 'ट्रीज' ही कलाकृती तर ऐकावी लागते. बांधकामासाठी निलगिरीची राई तोडली गेली, तेव्हा तिथल्या झाडांचे बुंधे वाचवून त्यांना शिशाच्या पत्र्याने मढवलं. एक झाड गाणी वाजवतं, एक कविता म्हणतं, तिसरं गप्प आहे. आसपास खरी निलगिरीची झाडं असल्यामुळे पुष्कळ लोकांना ही जिवंत नाहीत हे पहिल्या दिवशी कळतच नाही. आवाज कुठून येतोय म्हणून शोधत गेल्यावर शिशाची करडी साल हाती लागते.

एक निवडा आणि पंधरा मिनिटं द्या

पहिल्या फेरीत जी कलाकृती डोक्यात राहिली ती निवडा. आवडलेलीच असली पाहिजे असं नाही, खटकलेली जास्त चांगली. फोन खिशात ठेवा. पहिली तीन-चार मिनिटं कंटाळा येतो. तो येऊ द्या, त्याच्या पलीकडे बघणं सुरू होतं.

शिल्प असेल तर पूर्ण प्रदक्षिणा घाला, एकदा लांबून आणि एकदा जवळून. बहुतेक लोक समोरूनच बघतात. पण शिल्पकाराने पाठही घडवलेली असते, आणि पाठीकडे बऱ्याचदा तो जास्त मोकळा असतो. मग कंबरेत वाकून मुलाच्या उंचीवरून बघा. भित्तिचित्र असेल तर आधी रस्त्याच्या पलीकडून, मग मध्यावरून, मग हातभर अंतरावरून.

शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांचं 'संथाल कुटुंब' आहे, १९३८ सालचं. लांबून दिसतं ते चालणारं कुटुंब: बाई, बाप्या, मूल, कुत्रा आणि सोबत घेतलेला संसार. जवळ गेलं की कातडी दिसते, आणि ती गुळगुळीत नाही. सिमेंटमध्ये जांभ्या दगडाची खडी मिसळून, तो गिलावा सांगाड्यावर थापून हे शिल्प घडवलेलं आहे. अजून जवळ जा. खडीचे लालसर दाणे सुटे सुटे दिसतात, काही अर्धे बाहेर आलेले, मधल्या खळग्यांत सावली साचलेली. स्नायू कोरून काढलेले नाहीत, वाढवत नेलेले आहेत. ब्राँझ तेव्हा परवडण्यासारखं नव्हतं, आणि जांभा तिथल्या जमिनीतच होता. ज्या मातीवरून ही माणसं चालतात त्याच मातीच्या दगडाची ती बनलेली आहेत. संगमरवरात हेच कुटुंब बसवलं असतं तर कुणा राजाच्या स्मारकासारखं दिसलं असतं. 'हे इथेच का' या प्रश्नाचं याहून चोख उत्तर मला दुसऱ्या कुठल्या आवारात सापडलेलं नाही.

याच परिसरात हिंदी भवनात बिनोदबिहारी मुखर्जी यांचं मध्ययुगीन संतांवरचं भित्तिचित्र आहे, १९४६-४७ चं. ओल्या गिलाव्यावर थेट रंगवलेलं. ओल्या गिलाव्याचं काम करताना एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावतात, कारण वाळला की रंग आत मुरत नाही. म्हणून अशा चित्रात नीट बघितलं तर एका दिवसाचं काम कुठे संपलं आणि दुसऱ्या दिवसाचं कुठे सुरू झालं त्याचे सांधे शोधता येतात. मुखर्जींची नजर जन्मापासून अधू होती. पूर्ण मापाचा कच्चा आराखडा भिंतीवर न उतरवताच त्यांनी एवढी लांब भिंत पेलली. एवढं माहीत असलं की माणसांची ती गर्दी नदीसारखी एका भिंतीवरून दुसरीवर कशी वाहत जाते ते बघायला वेगळीच मजा येते.

कशाचं बनलंय ते ओळखा

माध्यम ओळखता आलं की पाटी नसली तरी निम्मं काम होतं. हात लावायचा नाही, डोळ्यांनीच ओळखायचं.

ब्राँझ मूळचं सोनेरी-तपकिरी असतं. उघड्यावर वर्षानुवर्षं राहिलं की तांब्याचे क्षार तयार होऊन हिरवट थर चढतो. पावसाचं पाणी जिथून ओघळतं तिथे फिकट हिरवे ओघळ दिसतात, आणि लोकांचे हात लागतात तो भाग उलट चकाकत असतो. गुडघा, नाक, बुटाचं टोक यांची चकाकी बघून लोक कुठे उभे राहतात ते समजतं. सही बहुधा मागच्या बाजूला, खाली, पायाजवळ. तिथेच ओतकाम करणाऱ्या कारखान्याची मुद्रा आणि कधी ३/७ असा अपूर्णांकासारखा आकडा असतो. एकाच साच्यातून सात ओतायचे ठरले, त्यातलं हे तिसरं, असा त्याचा अर्थ. म्हणजे हीच कलाकृती दुसऱ्या कुठल्या तरी गावात, दुसऱ्या पार्श्वभूमीवर उभी असू शकते. रोदँ यांच्या 'थिंकर'च्या, म्हणजे विचारात गढून बसलेल्या माणसाच्या शिल्पाच्या, अशा अनेक प्रती आहेत. त्यातली एक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहे, आणि ती ठेवली आहे तत्त्वज्ञान विभागाच्या इमारतीसमोर. कलाकृती तीच, पण जागेने तिला नेमून दिलेलं काम वेगळं.

गंजलेलं पोलाद दिसलं की लोक हळहळतात, "केवढी हेळसांड!" थांबा. एका प्रकारच्या पोलादावर मुद्दामच गंज येऊ देतात. तो घट्ट थर आतल्या धातूला वाचवतो. पृष्ठभाग एकसारखा गडद तपकिरी असेल तर ते तसंच असायला हवं. पापुद्रे सुटत असतील, भोकं पडली असतील तर मात्र हेळसांड.

मोझेकमध्ये तुकडे काचेचे आहेत की दगडाचे ते बघा. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या चारही बाजू हुआन ओ'गोरमन यांनी मोझेकने मढवल्या आहेत, सुमारे ४,००० चौरस मीटर. देशभरातून रंगारंगाचे नैसर्गिक दगड गोळा करून ते वापरले. रंग दगडाचाच असल्यामुळे उन्हाने उडण्याची भीती नाही. उत्तरेच्या भिंतीवर स्पॅनिश लोक येण्याआधीचं जग, दक्षिणेच्या भिंतीवर वसाहतीचा काळ. म्हणजे इमारतीला वळसा घातल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. आत पुस्तकांची कोठारं असल्याने त्या भिंतींना खिडक्या जवळपास नकोच होत्या. एवढी मोठी कोरी भिंत म्हणूनच मिळाली.

फायबरचं शिल्प पोकळ आणि हलकं असतं. कडा झिजून खडूसारखी पूड सुटते, रंग फिके पडतात. त्याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, एवढंच की लांबून ते ब्राँझ असल्याचं सोंग छान आणतं.

पाटी शेवटी वाचा, आणि बेताने विश्वास ठेवा

पाटी आधी वाचली की डोळे पाटीचंच म्हणणं शोधत राहतात. म्हणून ती शेवटी. आणि पाटीवर कोरलंय म्हणून खरंच असेल असंही नाही. हार्वर्डमध्ये डॅनिएल चेस्टर फ्रेंच यांनी घडवलेला जॉन हार्वर्ड यांचा १८८४ चा पुतळा आहे. चौथऱ्यावर लिहिलंय: जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८. आता बघा. कॉलेज स्थापन झालं १६३६ मध्ये. हार्वर्ड हे संस्थापक नव्हते, सुरुवातीचे मोठे देणगीदार होते. आणि त्यांचं एकही खरं चित्र उपलब्ध नसल्यामुळे पुतळ्यासाठी एका विद्यार्थ्याला बसवलं होतं. तिथले विद्यार्थी त्याला 'तीन थापांचा पुतळा' म्हणतात.

याच फ्रेंच यांचं 'आल्मा मातेर' (लॅटिनमध्ये 'पोसणारी आई', म्हणजे आपली शिक्षणसंस्था) हे १९०३ चं स्त्रीरूपातलं शिल्प कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसलेलं आहे. तिच्या वस्त्राच्या चुण्यांत एक घुबड लपवलेलं आहे. ते कुठे आहे हे मी इथे सांगत नाही.

आवारातल्या दंतकथा ऐकाव्यात, लिहूनही घ्याव्यात, फक्त वहीच्या वेगळ्या पानावर. एमआयटीत काल्डर यांचं 'ला ग्रांद व्हॉल' (म्हणजे 'मोठं शीड') हे १९६५ चं पोलादी शिल्प आहे, सुमारे १२ मीटर उंच. शेजारच्या उंच इमारतीच्या दाराशी वारा इतका घोंघावायचा की दारं उघडेनात. तो वारा अडवायलाच हे शिड उभारलं, अशी गोष्ट विद्यार्थ्यांच्या पिढ्या एकमेकांना सांगत आल्या आहेत. वाऱ्याची कटकट खरी होती, शिल्पाचं कारण मात्र दंतकथा. तरी ती गोष्ट टिकली, कारण प्रत्येकाला आपल्या आवारातल्या अगम्य वस्तूचं काहीतरी कारण हवं असतं.

पाटीच नसेल तर इमारतीची कोनशिला शोधा, वर्ष आणि वास्तुकाराचं नाव मिळतं. मग ग्रंथालयात त्या वर्षाचा विद्यापीठाचा वार्षिक अहवाल किंवा समारंभाची स्मरणिका मागा. शिवाय माळीकाकांना विचारा. शिल्पाभोवतीचं गवत कित्येक वर्षं कापणाऱ्या माणसाला ते कधी हलवलं, कधी रंगवलं, कुणाची मुलं येऊन फुलं ठेवून जातात हे ठाऊक असतं. कुठल्याच फायलीत ते मिळत नाही.

दाराआडच्या कलाकृती

सभागृहं, वाचनालयं, बैठकीच्या खोल्या इथली कामं बघायची तर आधी चौकशी हवीच. ओस्लो विद्यापीठाच्या जुन्या सभागृहात एडवर्ड मुंक यांची ११ प्रचंड चित्रं आहेत, १९१६ मध्ये लावलेली. मंचामागे सूर्य उगवतो, थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. काराकासच्या मोठ्या सभागृहात काल्डर यांचे रंगीत 'ढग' छतापासून लोंबतात, आणि ते नुसते शोभेचे नाहीत, आवाज नीट पोचावा म्हणून ध्वनितज्ज्ञांच्या सल्ल्याने बसवलेले आहेत. अशा ठिकाणी नुसतं बघून भागत नाही. जमलं तर एखाद्या कार्यक्रमालाच जा, शेवटच्या रांगेत बसा आणि ऐका.

आतल्या चित्रांचा मोठा शत्रू ऊन. हार्वर्डमध्ये मार्क रॉथ्को यांची भित्तिचित्रं १९६४ मध्ये सर्वांत वरच्या मजल्यावरच्या भोजनकक्षात लावली. मोठमोठ्या खिडक्यांतून येणाऱ्या उन्हाने त्यातला एक लाल रंग उडत गेला, आणि १९७९ पर्यंत ती उतरवून कोठारात ठेवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा दाखवली तेव्हा त्यांच्यावर नवा रंग लावला नाही. संगणकाने हिशोब करून प्रोजेक्टरमधून रंगीत प्रकाश टाकला, म्हणजे गेलेला लाल तेवढ्यापुरता परत आला. आवारात एखादं चित्र खिडकीसमोर टांगलेलं दिसलं तर चौकटीच्या कडेला, जिथे ऊन पोचत नाही तिथला रंग मधल्या रंगाशी ताडून बघा.

जे आता नाही, तेही बघा

रिकामा चौथरा, भिंतीवर चार खिळ्यांची भोकं, एका जागी वेगळ्या रंगाची फरशी. इथे काहीतरी होतं. केपटाऊन विद्यापीठातला ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल रोड्स यांचा पुतळा विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर ९ एप्रिल २०१५ रोजी हटवला गेला. व्हिएन्ना विद्यापीठासाठी १८९४ मध्ये गुस्ताव्ह क्लिम्ट यांच्याकडून तत्त्वज्ञान, वैद्यक आणि विधी या विषयांवर छतासाठी चित्रं मागवली गेली. प्राध्यापकांनीच त्यांना जोरदार विरोध केला, चित्रं ठरल्या जागी कधी लागलीच नाहीत आणि १९४५ मध्ये आगीत जळाली. कोणती कलाकृती नको झाली, कुणाला आणि का, हा प्रश्न विचारला की संस्थेचा स्वभाव कळतो. अवघडल्यासारखं होतं खरं, पण ग्रंथालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली यासाठीच असतात.

विद्यार्थ्यांनी रंगवलेल्या भिंतींचं आयुष्य त्याहून कमी. पुढच्या वर्षी त्यावर चुना फिरतो किंवा पुढची तुकडी दुसरं काही रंगवते. म्हणून असं काम दिसलं तर तारखेसकट फोटो काढून ठेवा. क्वचित उलटही घडतं. शांतिनिकेतनच्या कलाभवनात के. जी. सुब्रमण्यन यांनी एका इमारतीच्या बाहेरच्या भिंती काळ्या-पांढऱ्या चित्रांनी भरून टाकल्या होत्या. २००९ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांनी त्या भिंती पुन्हा नव्याने रंगवल्या.

फोटो आणि नोंद

एका कलाकृतीचे चार फोटो पुरे: आजूबाजूच्या इमारतींसकट एक, समोरून एक, पाठीमागून एक आणि पृष्ठभागाचा अगदी जवळून एक. पहिला सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक काढत नाहीत. फ्लॅश बंद. चौकटीत विद्यार्थी येत असतील तर विचारून घ्या, किंवा थांबा.

स्वतःसाठी फोटो काढणं वेगळं आणि ते छापणं, विकणं वेगळं. याचे नियम देशोदेशी निराळे आहेत. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचं चित्र किंवा फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला मुभा देतं. भिंतीवरच्या चित्राला ती मुभा तशीच मिळते असं धरून चालू नका.

वहीत लिहा: नाव, कलावंत, वर्ष, माध्यम, उंची (स्वतःच्या उंचीच्या किती पट, एवढं अंदाजाने), तोंड कुठल्या दिशेला, ऊन कधी पडतं. शेवटी एक ओळ, 'हे इथेच का?' या प्रश्नाच्या उत्तराची. उत्तर सुचलं नाही तर जागा कोरी ठेवा. चित्र काढता येत नसलं तरी एक रेखाटन करा, कसंही येऊ दे. रेखाटताना हात अडखळतो तिथेच आपण नीट बघितलेलं नसतं.

मोडतोड दिसली तर

तडा, सुटलेला मोझेकचा तुकडा, कुणी कोरलेलं नाव, ब्राँझवर पक्ष्यांची विष्ठा असं काही दिसलं तर स्वतः दुरुस्त करायला जाऊ नका. विष्ठा धातूला खाते हे खरं, पण कोरड्या फडक्याने घासली की तिच्यातले बारीक कण धातूवरचा मेणाचा संरक्षक थर ओरबाडतात. खाली पडलेला तुकडा खिशात घालू नका, विद्यार्थ्यांच्या हातीही देऊ नका. जिथे पडलाय तिथे फोटो काढा, मग जवळच्या कार्यालयात जमा करून पोच घ्या. जागा, तारीख, जमिनीपासूनची उंची आणि फोटो एवढं विद्यापीठाच्या मालमत्ता विभागाला कळवा, आणि त्याच ईमेलची एक प्रत ग्रंथपालांना पाठवा. जुना फोटो सापडला, तडा कधीपासून आहे हे ठरवता आलं, तर दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो.